एलबीएसवरून (मुंबईतला लालबहादूर शास्त्री मार्ग) रोज सायकलने ऑफिसला जाते, गाडीवाले अक्षरशः दाबतात. तुम्ही काय करता?

शलाका_मुलुंड

नमस्कार मंडळी. इथे नेहमी नुसती वाचायला येते पण आज लिहायलाच पाहिजे असं वाटलं. डावं कोपर अजून सुजलेलं आहे, एका हाताने टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी मुलुंड वेस्टला राहते, ऑफिस विक्रोळीला, दोन्ही एलबीएसच्या जवळच. एका बाजूने नऊ-एक किलोमीटर होतात. मागच्या दिवाळीनंतर सायकल सुरू केली. कारण साधं आहे, सकाळी साडेआठच्या सुमाराला ठाण्याकडून आलेल्या ट्रेनमध्ये मुलुंडला पाय ठेवायला मिळत नाही आणि एलबीएसवर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून बस किती वेळात पोचेल त्याचा भरवसा राहिला नाही. सायकलने मला चाळीस मिनिटं लागतात, रोज तेवढीच, आणि पोचल्यावर डोकं शांत असतं. हे मला सोडायचं नाहीये म्हणूनच विचारतेय.

मंगळवारी सकाळी भांडुपला सोनापूर सिग्नल सोडल्यावर जिथे मेट्रोचे पत्रे लागलेत आणि रस्ता एकदम चिंचोळा होतो तिथे मी अगदी डाव्या कडेने चालले होते. मागून एक पांढरी कार सतत हॉर्न देत होती, पुढे सगळं तुंबलेलं, मला जायला जागा नाही आणि तिलाही नाही, तरी हॉर्न चालूच. मग त्याने कट मारला. साइड मिररने माझं हँडल उडवलं आणि मी डावीकडे फुटपाथच्या कडेवर पडले. गाडी थांबली, काच खाली झाली, मला वाटलं विचारेल लागलं का. तर म्हणतो, "फुटपाथवरून चालवा ना मॅडम, रोड टॅक्स भरता का?" आणि गेला. नंबर बघायचं भान मला राहिलं नाही.

बसस्टॉपवर बरेच लोक होते, कोणी हललं नाही. थांबले ते एक पाववाले काका, सायकलला मागे दोन मोठी पोती. त्यांनी आपली सायकल पत्र्याला टेकवली, माझी उचलली, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ करून दिलं, चेन चढवली. मी रडत होते तर हिंदीत म्हणाले, आमचं तर रोजचंच आहे बेटी, तुम्ही हेल्मेट घातलंय म्हणून त्याने निदान काच तरी खाली केली. हे वाक्य तीन दिवस डोक्यातून जात नाहीये. मला वाटत होतं की हे फक्त माझ्याच बाबतीत होतंय.

आणि हे फक्त रस्त्यावर नाही. ऑफिसच्या गेटवर वॉचमन सायकल आत घेऊ देत नाही, कारच्या पार्किंगमध्ये सायकल नको म्हणून वरून ऑर्डर आहे म्हणे, तर बाहेर खांबाला बांधते. टीममधल्या एकीने सगळ्यांसमोर विचारलं की गाडीचा हप्ता परवडत नाही का. नवरा म्हणतो बस झालं आता, पोर लहान आहे. मंगळवारपासून ट्रेननेच जातेय, सायकल पॅसेजमध्ये उभी आहे.

तर जे रोज चालवतात त्यांनी सांगा, कडेने चालवायचं की लेनच्या मधून? आणि असा माणूस भेटला तर काय करायचं? तक्रार घेतात का? आणि रोड टॅक्सवाल्याला उत्तर काय द्यायचं, कारण मला ते तिथे सुचलं नाही ह्याचंच जास्त वाईट वाटतंय.

घाटकोपर_ते_फोर्ट

शलाका ताई, आधी कोपराचा एक्सरे काढून घ्या. सूज तीन दिवसांनी उतरली नसेल तर अंगावर काढू नका. कोपराला बारीक फ्रॅक्चर असलं तरी हात हलतो, मी ह्यात एकदा फसलोय.

मी अकरा वर्षं चालवतोय, त्यातली पहिली दोन तुमच्यासारखीच कडेला चिकटून काढली आणि सगळ्यात जास्त वेळा त्याच दोन वर्षांत पडलो. कडेला काय काय असतं बघा: खचलेले पेव्हर ब्लॉक, चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा दोन इंच खाली, गटाराची जाळी जिच्या फटी चाकाच्याच दिशेने असतात, उभ्या रिक्षा, अचानक उघडणारे दरवाजे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं की बाजूने निघायला जागा आहे. ती जागा खरं तर नसते, पण तुम्ही ती त्याला दाखवता.

म्हणून कडेपासून एक मीटर सोडून चालवायचं, उभ्या गाड्यांपासून पण तेवढंच. आणि जिथे पत्रे लागलेत, पुलाची चढण आहे, रस्ता एका गाडीपुरता आहे तिथे सरळ लेनच्या मध्यावर यायचं. पण यायच्या आधी मान वळवून मागे बघायचं. नुसता आरसा बघून नाही, मान वळवून. ह्याने जो फरक पडतो तो मला शब्दांत सांगता येणार नाही, मागच्या ड्रायव्हरला तुमचा चेहरा दिसतो आणि तो स्पीड कमी करतो, दहातले आठ तरी करतात. चिंचोळा भाग संपला की लगेच डावीकडे सरकायचं आणि हात वर करायचा. मी रोज हात दाखवतो, काही रिक्षावाले आता ओळखीचे झालेत, तेही दाखवतात.

हॉर्नबद्दल एक सांगतो, मुंबईत हॉर्नचा अर्थ बऱ्याचदा "मी मागे आहे" एवढाच असतो. प्रत्येक हॉर्नला दचकलात तर हँडल हलतं आणि त्यातच पडायला होतं. कान उघडे ठेवा, इअरफोन अजिबात नको, पण हॉर्न आला म्हणून कडेला उडी मारू नका. मागची लाल लाइट दिवसा पण चालू ठेवा, ब्लिंकिंगवर.

गांधीनगर जंक्शनला मात्र शहाणपणा करू नका, तिथे जेव्हीएलआरचे (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) डंपर वळतात. मी तिथे उतरून सायकल हातात धरून क्रॉस करतो, दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

वर्सोवा_३२

मी कारवाला आहे. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

ताई तुमच्याशी जे झालं ते चूकच, त्यात दुमत नाही. पण एसव्ही रोडला संध्याकाळी सातनंतर गाडी चालवून बघा. काळे कपडे, लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, राँग साइडने समोरून सायकल येते, आणि समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यावर असला तर ती मला दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. माझ्या छातीत धस्स होतं, आणि मग जो हॉर्न वाजतो तो रागाचा नसतो, घाबरून वाजवलेला असतो. हे सायकलवाल्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू पण सांगतो, हे मी घरच्यांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी अंधेरीत जेपी रोडला गाडी लावली, फोनवर बोलत होतो, मागे न बघता दरवाजा उघडला आणि एक दूधवाला भैया थेट दरवाज्यावर आदळला. भुवईला दोन टाके पडले. दूध पूर्ण रस्त्यावर. मी दवाखान्यात नेलं, दुधाचे पैसे दिले, पण तो माणूस उठल्या उठल्या पहिलं काय म्हणाला तर "सॉरी साब". चूक माझी आणि सॉरी तो म्हणाला. त्याला माहीत होतं की असं झालं की शेवटी मार सायकलवाल्यालाच पडतो. त्या दिवसापासून मी दरवाजा डाव्या हाताने उघडतो. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, डावा हात दरवाज्याच्या हँडलपर्यंत न्यायला खांदा वळवावाच लागतो आणि खांदा वळला की मागचं आपोआप दिसतं. डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने उघडायचं. मुलांना पण हेच शिकवलंय. कोणीतरी करून बघा, खर्च काहीच नाही.

युट्रेक्टहून_परत

वर्सोवा, ती सवय नेदरलँड्समध्ये ड्रायव्हिंग शिकतानाच लावतात. मी तिकडे तीन वर्षं होतो, आता बोरिवलीला. लोक म्हणतात तिकडची संस्कृतीच वेगळी, पण तसं नाहीये. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली आणि त्यात चारशेच्या वर मुलं होती. तेव्हा तिथले आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलनाचं नावच होतं "बालहत्या थांबवा". त्यानंतर हळूहळू वेगळे सायकल मार्ग आले. म्हणजे आधी तिथेही गाड्यांनीच सगळं व्यापलेलं होतं.

आणि तिकडे कार आणि सायकलची टक्कर झाली की भरपाईची जबाबदारी आधी कारवाल्याच्या विम्यावर जाते, अगदी अपवाद असेल तरच सुटका. कारण साधं, टनभर लोखंड त्याच्याकडे आहे. जर्मनीत सायकलला ओव्हरटेक करताना शहरात किमान दीड मीटर अंतर ठेवायचं हे कायद्यात आकड्यासकट लिहिलंय. आपल्याकडे पण आकडा लिहायला पाहिजे, "पुरेसं अंतर" म्हटलं की प्रत्येकाचं पुरेसं वेगळं.

स्पष्टच_बोलतो

कोणाला राग येईल, येऊ दे. मुंबई सायकलचं शहर नाही. रस्ते आहेत तेवढेच आहेत, त्यात बस, ट्रक, रिक्षा, बाइक, फेरीवाले, मेट्रोची कामं. त्यात ताशी पंधराच्या स्पीडने कोणी मध्ये चालवलं की मागे शंभर गाड्या अडकतात, त्यात अॅम्ब्युलन्स पण असते. वर त्या भावाने सांगितलं लेनच्या मध्ये या, हा सल्ला जिवावर बेतेल. हौस असेल तर रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला चालवा, सुंदर वाटतं. लहान मूल असलेल्या बाईने एलबीएसवर सायकल चालवायचा हट्ट का?

घाटकोपर_ते_फोर्ट

स्पष्टच, एलबीएसवर पीक अवरला कुठली गाडी पंधराच्या वर जाते ते मला दाखवा. मंगळवारी ताईंच्या मागच्या गाडीच्या पुढे पण रस्ता तुंबलेलाच होता, त्यांनी लिहिलंय. त्यांना पाडून तो पुढच्या बंपरपर्यंतच गेला असणार.

डबा_घराणं

स्पष्टच दादा, हौस शब्द वाचून राहवलं नाही.

माझे वडील आणि दोन काका डबेवाले. गाव खेड तालुक्यात. वडिलांनी अठ्ठावीस वर्षं अंधेरी आणि लोअर परेलला डबे पोचवले, सायकलला हँडलला, कॅरिअरला मिळून तीस-पस्तीस डबे. उन्हात, पावसात, सव्वाबाराच्या आत. त्यांनी कधी रविवारी मरीन ड्राइव्ह बघितला नाही. मुंबईत सकाळी पाव, दूध, पेपर, इडली हे सगळं तुमच्या दारात सायकलवर येतं आणि नऊ वाजता त्याच रस्त्यावर त्याच सायकलला "बाजूला हो" म्हणायचं, हे मला पटत नाही.

वडील सांगायचे की साहेब लोक गाडीतून शिवी देतात ते एक वेळ ठीक, पण रिकाम्या सायकलपेक्षा डबे लावलेली सायकल वळायला आणि थांबायला कितीतरी जड असते हे त्यांना कळत नाही. एकदम ब्रेक मारला तर मागचं वजन पुढे फेकतं. म्हणून डबेवाला, पाववाला पटकन बाजूला होत नाही, तो मुजोर नसतो, त्याला होताच येत नाही. २००९ मध्ये आमच्या धाकट्या काकांना टेम्पोने मागून ठोकलं, पायात रॉड टाकला, आता गावाला शेती बघतात. टेम्पो सापडला नाही.

वर्सोवा साहेबांना एक सांगायचं होतं. लाइट नाही ही तुमची तक्रार बरोबर आहे पण त्याचं कारण नेहमी बेफिकिरी नसतं. मागे पोती, क्रेट, डबे लावले की सीटखालची लाइट झाकूनच जाते, आणि कॅरिअरला लावली तर माल चढवता-उतरवताना तुटते. आम्ही जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कापून मागच्या मडगार्डच्या दांडीला, अगदी खाली, लाइट बांधायचो. तिथे ती दिसते आणि टिकते. आणि स्टेशनबाहेर सायकल ठेवायला धड जागा नाही, लॉक तोडून लाइट आणि सीट चोरणारे वेगळे. कुठल्या स्टेशनला सायकलसाठी छप्पर आणि साखळी असेल तर मला सांगा, मी वडिलांना दाखवायला नेईन.

नेहा_वडाळा

माझे बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, आता रिटायर झाले. हा धागा त्यांना वाचून दाखवला, ते म्हणाले माझं पण लिही.

ते म्हणतात बसची आणि ट्रकची क्लीनर साइड म्हणजे डावी बाजू, तिथे सायकलने कधीच शिरायचं नाही. बस स्टॉपला लागताना डावीकडे येते आणि त्याच वेळी मागून सायकल, बाइक त्या फटीत घुसतात, ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो, दरवाज्याच्या खालची जागा त्याला दिसत नाही. तुम्हाला बसचा आरसा दिसत असेल आणि आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत असेल तरच त्याला तुम्ही दिसताय असं समजायचं. चेहरा नाही दिसला तर तुम्ही त्याच्यासाठी तिथे नाहीच. बस वळताना तर मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे पुढून वाचला तरी मागे सापडतो. सिग्नलला बसच्या डावीकडे उभं राहण्यापेक्षा बसच्या मागे उभं राहा, धूर खावा लागला तरी चालेल.

आणि ते असंही म्हणाले की ड्रायव्हरवर टायमिंगचं प्रेशर असतं, मागून प्रवासी ओरडत असतात, पण सायकलवाला पुढे असेल तर मी हॉर्न वाजवायचो नाही, कारण तो दचकून पडला तर माझ्याच चाकाखाली येईल. त्यांच्या नोकरीत एकदा एका पेपरवाल्या मुलाला त्यांच्या पुढच्या बसचा धक्का लागलेला त्यांनी बघितलाय. त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत.

वकील_दादर

तक्रार आणि टॅक्सबद्दल मी लिहितो.

रोड टॅक्स ज्याला म्हणतात तो मोटार वाहन कर, तो राज्य सरकार घेतं आणि तो मोटार वाहनावर असतो. सायकल मोटार वाहन नाही म्हणून कर नाही, ह्यात चोरी काही नाही. मुंबईतले बहुतेक रस्ते महापालिका बांधते, मालमत्ता करातून आणि पालिकेच्या बाकी उत्पन्नातून. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत त्यात जकातीचा मोठा वाटा होता, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, जो शेवटी किमतीतून पाववाल्यापासून सगळ्यांनी भरला. तुमच्या घराचा मालमत्ता कर तुम्ही भरता, भाड्याचं असेल तर भाड्यातून भरता. रस्ता तुमचाही आहे. पण खरं सांगायचं तर एक रुपयाही न भरणाऱ्याला सुद्धा धडक मारायचा अधिकार कोणाला नाही, त्यामुळे त्या वादात शिरूच नका.

तक्रार घेतात, घ्यावीच लागते. बेदरकारपणे गाडी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुखापत झाली की कलम १२५ पण लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक ड्रायव्हिंग म्हणजे काय त्याची यादीच दिली आहे आणि नियम मोडून ओव्हरटेक करणं त्यात आहे. कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, काच खाली करून उपदेश करणं नाही.

नंबर नसला तरी अर्ज द्या. जागा, वेळ, दिशा, गाडीचा रंग लिहा. समोर दुकान, पेट्रोल पंप, सोसायटी असेल तर तिथल्या कॅमेऱ्याचं फुटेज लगेच जपून ठेवायला सांगा, बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत ते आपोआप पुसलं जातं. डॉक्टरकडे गेलात की अपघात म्हणून नोंद करून घ्या.

आणि डबा_घराणं ह्यांच्यासाठी, तुमच्या काकांच्या वेळी भरपाई अगदी नगण्य होती. एप्रिल २०२२ पासून ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तरी गंभीर जखमीला पन्नास हजार आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख मिळतात. आणि गाडी सापडली तर तिच्या थर्ड पार्टी विम्यातून दावा करता येतो, सायकलवाला हा थर्ड पार्टीच आहे. दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे त्यामुळे रेंगाळू नका. तसंच जखमीला उचलणाऱ्याला पोलीस त्याच्या मर्जीविरुद्ध नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, कलम १३४अ. बसस्टॉपवरचे लोक बहुतेक ह्याच भीतीने हलत नाहीत, म्हणून हे जेवढ्या लोकांना सांगता येईल तेवढ्यांना सांगा.

चेंबूर_पहाट

आम्ही सात-आठ जण पहाटे चेंबूरहून वाशीमार्गे पाम बीचला जायचो. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्याच पाम बीच रोडवर नेरूळजवळ अवतार सैनींना मागून कॅबने उडवलं. ६८ वर्षांचे, आमच्या चेंबूरचेच, इंटेलचे भारतातले माजी प्रमुख, ज्यांनी ३८६, ४८६ ह्या कॉम्प्युटरच्या चिपवर काम केलं तो माणूस. ग्रुपबरोबर होते, पहाटेची वेळ, रिकामा रुंद रस्ता. त्यानंतर आमच्यातल्या चार जणांनी सायकल सोडली, बायकांनी सायकली विकायला लावल्या. मी त्यांना दोष देत नाही.

मला तेव्हा एक गोष्ट लागली ती अशी की त्यांचं नाव मोठं म्हणून पेपरात आलं, चर्चा झाली. त्याच वर्षी आमच्या नाक्यावरचा पेपरवाला पोरगा टँकरखाली जाता जाता वाचला, पाय गेला, कुठे दोन ओळी नाहीत. शलाका ताई, त्या पाववाल्या काकांनी तुम्हाला जे सांगितलं ते हेच.

रिकामा रस्ता जास्त सुरक्षित असं समजू नका हे पण सांगायचं होतं. रिकाम्या रस्त्यावर गाड्या ऐंशी-नव्वदने येतात. स्पीड दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. गर्दीत पडलो तर कोपर सुजतं, तिकडे पडलो तर उठायला होत नाही.

स्पष्टच_बोलतो

डबा_घराणं, तुमचा राग पोचला. हौस हा शब्द मागे घेतो, मी कामाला जाणाऱ्यांचा विचार केला नव्हता. पण मुद्दा कायम आहे, सायकलसाठी वेगळा ट्रॅक करा, गाड्यांमध्ये मिसळू नका. सरकार ट्रॅक का बांधत नाही?

घाटकोपर_ते_फोर्ट

बांधले की. कुठे बांधले ते बघा. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल) एमएमआरडीएने, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, ट्रॅक केला होता, मी तिथून जायचो, त्यावर कार पार्क केलेल्या, चहाच्या टपऱ्या, मध्येच खांब. कोणी वापरत नाही असं म्हणायला मोकळे, आणि आता गाड्यांना लेन कमी पडते म्हणून तो काढून रस्ता वाढवायचं ठरलं. पवई तलावाभोवती ट्रॅक बांधायला घेतला, तो मे २०२२ मध्ये हायकोर्टाने बेकायदेशीर ठरवला, आणि बरोबर होतं ते, तलावात भराव घालून सायकल कशाला चालवायची. तानसा पाइपलाइनच्या कडेने मुलुंड ते सायन असा ३९ किलोमीटरचा ट्रॅक होणार म्हणून किती वर्षं ऐकतोय, तो सलग झाला तर शलाका ताईंच्या दाराशीच येईल, माझी तर रोज इच्छा आहे. दुसरीकडे सी लिंक, फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू सगळीकडे सायकलला बंदी. जलद रस्त्यांवर बंदी असणं मी समजू शकतो, पण मग सगळं वजन एलबीएस आणि एसव्ही रोडवर येतं आणि तिथे तुम्ही म्हणता मिसळू नका. मग जायचं कुठून?

आपल्याकडे ट्रॅक फिरायला बांधतात, तलावाकाठी, समुद्राकाठी. कामावर जायच्या रस्त्यावर कोणी बांधत नाही. ज्यांना सायकलची गरज आहे त्यांना विचारलंच जात नाही, पाववाल्याला कुठल्या मीटिंगला बोलावलंय कधी?

युट्रेक्टहून_परत

आणि ट्रॅक होईपर्यंत निदान स्पीड. शाळा, बाजार, स्टेशन परिसरात तीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढं जरी नीट पाळलं तरी वेगळ्या ट्रॅकशिवाय सायकल चालते. तिकडच्या गल्ल्यांमध्ये ट्रॅक नसतातच, गाड्या हळू असतात बस.

शलाका_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. सलग दोनदा वाचलं सगळं. नेहाच्या बाबांना नमस्कार सांगा, आरशात चेहरा दिसला पाहिजे हे मी वहीत लिहून ठेवलंय. वर्सोवा दादा, तुम्ही लिहिलंत ते सोपं नव्हतं, नवऱ्याला वाचायला दिलं, तो काही बोलला नाही पण काल रिक्षातून उतरताना मागे बघून उतरला.

एक्सरे काढला, हाड ठीक आहे, मुका मार आहे, पट्टा दिलाय दहा दिवस. पोलीस स्टेशनला अर्ज दिला, नीट ऐकून घेतलं त्यांनी. समोरच्या हार्डवेअरवाल्याच्या कॅमेऱ्यात गाडी आलीय पण नंबर पत्र्याच्या खांबामागे गेला, चारच आकडे दिसतात. तेवढे दिलेत.

स्पष्टच दादा, तुम्ही हट्ट का म्हणालात त्यावर विचार केला. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला सायकल येते, सोसायटीच्या आत गोल गोल फिरते. गेटबाहेर मी तिला नेत नाही. मी दहा वर्षांची असताना भांडुपहून मुलुंडला क्लासला सायकलने एकटी जायचे आणि आईला काळजी वाटत नसे. त्यामुळे हट्ट आहे, आणि मला तो सोडायचा नाही.

आणि ते पाववाले काका भेटले. परवा मुद्दाम साडेसहाला सोनापूरला उतरले, ते ह्याच वेळी जातात असं चहावाल्याने सांगितलं. त्यांच्या सायकलला मागे लाइटच नव्हती. डबा_घराणं, तुम्ही सांगितलंत तसंच सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली होती, लाइट मडगार्डच्या दांडीला खाली बांधली, पोत्यांच्या खालून लांबून दिसते. पैसे देत होते, घेतले नाहीत, मग त्यांनी अर्धी लादी पाव हातात कोंबला. त्यांच्याबरोबर अजून पाच जण त्याच बेकरीतून निघतात म्हणे, दोघांना मागच्या वर्षभरात धक्का लागलाय, एकालाही तक्रार देता येते हे माहीत नव्हतं. वकील साहेब, तुम्ही लिहिलेलं हिंदीत सोपं करून एका कागदावर द्याल का, मी झेरॉक्स काढून बेकरीत नेऊन देते.

वकील_दादर

उद्या रात्रीपर्यंत इथेच टाकतो. एका पानात बसवतो. बाकीच्यांना पण वापरता येईल.

डबा_घराणं

ताई, वडिलांना वाचून दाखवलं. ते विचारतायत पट्टी किती रुंद कापली, एक इंचापेक्षा कमी असेल तर पावसात सुटते.

शलाका_मुलुंड

बोटभर होती. दुसरी रुंद बांधते उद्याच.

नाहूर_सिंगलस्पीड

उशिरा बघितला धागा. मी नाहूरहून कांजूरला जातो, रोज सकाळी साडेसातला एलबीएसला लागतो. ताई, पट्टा निघाला की सांगा, पहिले काही दिवस बरोबर जाऊ. दोन सायकली पुढे-मागे असल्या की गाडीवाले कट मारताना विचार करतात, अनुभवाने सांगतो. माझ्या ऑफिसातली एक मुलगी पण येते कधी कधी, म्हणजे तिघं होऊ.

शलाका_मुलुंड

हो चालेल. पट्टा पुढच्या शनिवारी निघेल, सोमवारी निघू. मी सव्वासातला पाच रस्त्यावरून निघते, साडेसातला नाहूरला येईन. पिवळा रेनकोट, निळी सायकल, मागे लाल लाइट चालू असेल.

नाहूर_सिंगलस्पीड

ठीक. पुलाखाली थांबतो. सोनापूरच्या अलीकडे डाव्या हाताला एक चेंबर परवापासून उघडं आहे, वर कोणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलीय. जो कोणी त्या बाजूने जाणार असेल त्याने उजवीकडून घ्या, मी वॉर्ड ऑफिसला फोटो पाठवलाय.